हेवी लायसन काढताय? आधी हवा समजून घ्या

दहाचाकी गाडीवरचा माझा पहिला दिवस. सकाळी चावी फिरवली, इंजिन लागलं, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी जागची हलेना. रेस वाढवली तर नुसती थरथरली आणि बंद पडली. मला वाटलं क्लचप्लेट गेली, आता पहिल्याच दिवशी पगारातून कापणार. उस्ताद बाजूला चहा पीत उभा होता, तिथूनच ओरडला, "राव रे, हवा भरूं दी!" म्हणजे थांब रे, हवा भरू दे.

रात्रभरात टाकीतली हवा उतरली होती आणि मागची चाकं जखडली होती. चार वर्षं पिकअप चालवलेल्या मला हे ठाऊकच नव्हतं. आता गोव्यातल्या डिचोली-साखळीकडची पोरं मला विचारतात, "दादा, हेवी काढायला किती खर्च?" खर्च विचारतात, दिवस विचारतात, एजंटचा नंबर विचारतात. एवढं वजन थांबतं कसं, ते मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख. कागदपत्रांचं सांगतोच, पण जास्त शाई थांबण्यावर खर्च करणार आहे.

१. तुम्हाला हेवी खरंच लागतं का, ते बघा

गाडीचं वजन म्हणजे मालासकटचं एकूण वजन, आरसी बुकात लिहिलेलं. ते ७५०० किलोपर्यंत असेल तर गाडी हलक्या वाहनात मोडते. १२,००० किलोच्या वर गेलं की जड मालवाहू. मधली ती मध्यम.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटर वाहनाचा परवाना असलेल्याला ७५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवायला वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. म्हणजे बाजारात भाजी किंवा बिस्किटांचे खोके पोचवणारा छोटा टेम्पो चालवायचा असेल तर या सगळ्या खटाटोपात पडू नका. टिपर, दहाचाकी, टँकर, ट्रेलर यांकडे जायचं असेल तर पुढे वाचा.

अटी दोन. वय २० पूर्ण हवं आणि एलएमव्ही परवाना हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये निघाली. शाळेचा दाखला नाही म्हणून तुमच्याकडून कुणी जादा पैसे मागत असेल तर तो तुम्हाला बनवतोय. बॅजचंही तेच. बॅज प्रवासी वाहनाच्या ड्रायव्हरला लागतो, ट्रकवाल्याला नाही.

२. कागद गोळा करा आणि नावाचं स्पेलिंग बघा

लागणाऱ्या गोष्टी अशा:

– चालू एलएमव्ही परवाना
– आधार, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू स्थितीत
– वयाचा आणि पत्त्याचा पुरावा
– फॉर्म १, म्हणजे स्वतःच्या तब्येतीबद्दलचं तुमचं निवेदन
– फॉर्म १-ए, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र
– फॉर्म ५, म्हणजे मान्यताप्राप्त मोटर ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र. हा चाचणीच्या वेळी लागतो

अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर भरायचा. फी पोर्टल दाखवेल तीच, तिची पावती जपून ठेवायची.

गोव्यातली खास अडचण नावाची आहे. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या नोंदीत एक स्पेलिंग, शाळेत दुसरं, आधारवर तिसरं. परबाचा कुठे पोरोब होतो, गांवकरात कुठे एक अक्षर जास्त पडतं. माझ्या जुन्या परवान्यावर वडिलांचं नाव आधारपेक्षा एका अक्षराने वेगळं होतं, त्यापायी दोन फेऱ्या वाया गेल्या आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली. अर्ज भरण्यापूर्वी सगळे कागद टेबलावर मांडा आणि अक्षरन् अक्षर जुळवा.

डॉक्टरचा कागद म्हणजे नुसता शिक्का समजू नका. फॉर्म १ मध्ये विचारलेलं असतं की दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने वाचता येते का. डॉक्टरकडे जाण्याआधी स्वतः करून बघा, एकेक डोळा झाकून. चष्मा लागत असेल तर लावून बघा. ज्याला रात्री समोरच्या दिव्यांचा जास्तच त्रास होतो त्याने डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवावं, कारण ट्रकचं बरंचसं काम रात्रीच असतं. न तपासता सही देणारे भेटतील. त्या सहीने परवाना मिळेल, दिसणार काही नाही.

३. शिकाऊ परवाना आणि ड्रायव्हिंग स्कूल

हेवीसाठीचा शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यापासून ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय चाचणी देता येत नाही. या काळात शेजारी त्या वाहनाचा परवाना असलेला शिकवणारा हवा आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा.

ड्रायव्हिंग स्कूलच्या नियमात वाहतुकीच्या वाहनासाठी किमान ३० दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तास सांगितले आहेत. हे १५ तास मागून घ्या. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: शिकवायची गाडी एअर ब्रेकची आहे का, भरलेल्या गाडीवर हात मिळेल का, चढावर सुरुवात शिकवणार का. "फॉर्म ५ उद्याच देतो, यायची गरज नाही" असं म्हणणारा भेटला तर बाहेर पडा. तो तुमचे ३० दिवस वाचवत नाही, चोरतोय.

४. हवा

आता मुद्द्याचं.

पिकअपच्या ब्रेकमध्ये तेल असतं. पाय दाबला की तेल ढकललं जातं. हेवीत हे काम हवेचं. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो आणि तुमचा पाय फक्त झडप उघडतो. पार्किंग ब्रेक उलट्या रीतीने चालतो. चाकापाशी एक दणकट स्प्रिंग असते आणि हवेच्या दाबाने ती आवळून धरलेली असते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाक जखडतं. माझ्या पहिल्या सकाळी हेच झालं होतं.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली: ब्रेक पंप करू नका. तेलाच्या जुन्या गाडीत पाय दोन-तीनदा मारला की ब्रेक वर येतो, ही सवय आपल्या पायात बसलेली असते. हवेच्या गाडीत प्रत्येक दाबागणिक टाकीतली हवा बाहेर फेकली जाते. उतारावर पंप करत बसलात तर कॉम्प्रेसर भरेल त्याहून वेगाने तुम्ही टाकी रिकामी कराल.

दुसरी: हवेला नळ्यांतून चाकापर्यंत पोचायला वेळ लागतो, साधारण अर्धा सेकंद. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोरचं दिसून पाय पोचेपर्यंत एक सेकंद धरा, तो १७ मीटर. हवेचा अर्धा सेकंद, आणखी ८ मीटर. म्हणजे ब्रेक धरायला लागण्यापूर्वीच २५ मीटर संपले, दोन मोठ्या बसगाड्या एकामागे एक लावल्यावर होतात तेवढे. थांबण्याचं अंतर त्याच्या पुढे सुरू होतं. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं ते अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. म्हणून पुढच्या गाडीचं शेपूट ज्या खांबापाशी गेलं त्या खांबापाशी तुम्ही पोचेपर्यंत किमान चार सेकंद मोजून व्हायला हवेत. पावसात सहा.

तिसरी: रोज सकाळी हवा तपासायची. मी करतो तो क्रम सांगतो. गाडी सपाटीवर, चाकांना लाकडी ठोकळे. इंजिन सुरू करून हवेच्या दाबाचे दोन्ही काटे हिरव्यात येऊ द्या आणि हवा कमी असल्याचा बझर बंद होऊ द्या. इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा, पायाचा ब्रेक घट्ट दाबून एक मिनिट धरा. काटा घसरतोय का बघा, कुठे 'सूंऽऽ' आवाज येतोय का ऐका. क्लीनर असेल तर त्याला गाडीभोवती कान लावून फिरवा. मग चावी फिरवून दिवे लागलेले ठेवा आणि ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून हवा मुद्दाम उतरवा. दाब कमी झाल्यावर बझर वाजायलाच हवा. नाही वाजला तर गाडी यार्डातून बाहेर काढू नका. शेवटी हवा परत भरा, पार्किंग ब्रेक लावा, ठोकळे काढा, पहिल्या गिअरमध्ये क्लच हलकेच सोडून बघा. गाडी सरकता कामा नये.

संध्याकाळी टाक्यांखालची ड्रेन खेचून पाणी काढायचं. आपल्याकडची हवा दमट, जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. ते पाणी झडपांत जाऊन गंज धरतं. एअर ड्रायर असलेल्या गाडीतही अधूनमधून खेचून बघा. पाणी आलं तर ड्रायरकडे बघायची वेळ झाली.

हवेबरोबर बाकीची फेरीही मारायची: टायर, नट, दिवे, पाटे, ताडपत्री, मागची लाल, बाजूची पिवळी आणि पुढची पांढरी चमकपट्टी. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर तो टायर कायद्यानेही गेला. जोडीच्या टायरमध्ये अडकलेला चिऱ्याचा तुकडा काढायला विसरू नका. तो सुटून मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर जातो.

५. घाट

गोव्याबाहेर माल न्यायचा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ७४८ वरून मोले-अनमोड, नाहीतर ६६ वर उत्तरेला पत्रादेवी, दक्षिणेला करमल घाट ओलांडून पोळे. चोर्ल्याच्या रस्त्यावर जड वाहनांना बंदी घालणारे आदेश अधूनमधून निघतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. बेळगावहून भरून आलेली गाडी अनमोडावरून मोल्याला उतरते तेव्हा ड्रायव्हर कसा आहे ते कळतं.

जुना नियम आहे: ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. भरलेली गाडी असेल तर त्याहून एक खाली. पण गिअर कधी निवडायचा, हे जास्त महत्त्वाचं. तो घाटमाथ्यावर निवडायचा, उतार सुरू होण्यापूर्वी. अर्ध्या उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला गेलात तर तो बसत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे बहाद्दर मी बघितलेत. आधुनिक इंजिन गिअरमध्ये, पाय काढून उतरताना डिझेल घेतच नाही. म्हणजे वाचत काहीच नाही.

सतत हलका पाय ठेवूनही उतरू नका. चाकातला ब्रेकचा ढोल तापतो, फुगतो, त्याला घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो आणि पकड विरत जाते. इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) यांना वेग धरू द्या. ठरवलेल्या वेगाच्या वर गाडी गेली की नीट, ठाम ब्रेक मारून ताशी आठ-दहा किलोमीटर उतरवा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा वेग वाढला की पुन्हा तेच. मधल्या वेळात ढोल थंड होतो आणि टाकी भरते.

जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा. चाकांना ठोकळे लावा आणि वाट बघा. तापलेल्या ढोलावर पाणी ओतू नका, तडा जातो. अर्धा तास गेला तर मालकाचा फोन येईल, येऊ दे.

पावसाळ्यासाठी एक अपवाद: गाडी रिकामी आणि रस्ता ओला असेल तर एक्झॉस्ट ब्रेकने मागची चाकं घसरू शकतात. तिथे मुळातच वेग कमी ठेवा. धुक्यात हेडलाइट खालच्या झोतावर, कारण वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. अरुंद चढावर समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आहे. आणि पावसात साइडपट्टीवर चाक उतरवताना दहादा विचार करा. वरून घट्ट दिसणारी लाल माती आतून शिऱ्यासारखी झालेली असते. भरलेली गाडी कडेला कलंडते ती बहुतेक वेळा दुसऱ्याला वाट देण्याच्या भलेपणातून.

ब्रेक गेलेच तर? जमेल तो खालचा गिअर, हॉर्न, दिवे आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत न्यायची. दरीकडे नाही. हे वाचायला सोपं आहे. म्हणूनच बझर सकाळी तपासायचा.

६. जे दिसत नाही ते

शिकत असताना एक प्रयोग करा. गाडी मोकळ्या मैदानात उभी करून सीटवर बसा आणि मित्राला स्कूटर घेऊन गाडीभोवती हळूहळू फिरायला सांगा. तो आरशातून नाहीसा झाला की ओरडा. खाली चुन्याने खूण करून घ्या. मग उतरून खुणा बघा. पुढच्या बंपरखाली, डाव्या दाराजवळ आणि हौद्याच्या मागे केवढा मुलूख अंधारात असतो ते बघून मी गप्प झालो होतो.

गोव्यात हे जास्त महत्त्वाचं, कारण इथे भाड्याच्या स्कूटरवर रस्ता न ओळखणारे पाहुणे असतात. त्यांना ठाऊक नसतं की डावीकडे वळताना ट्रकची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आत कापत येतात. तुम्ही वळणासाठी जागा घ्यायला जरा उजवीकडे गेलात की डावीकडे पोकळी तयार होते आणि त्यात कुणीतरी घुसतो. इंडिकेटर लवकर द्या, आरसा दोनदा बघा, वळताना पुन्हा बघा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तर माणसं बंपरला टेकूनच रस्ता ओलांडतात.

रिव्हर्स घेताना मागे माणूस हवाच, आणि तो आरशात दिसायला हवा. दिसेनासा झाला की थांबा. टिपरवाल्यांसाठी वेगळं सांगतो: हौदा फक्त सपाट, घट्ट जमिनीवर उचला, आधी वर विजेची तार बघा, आणि उचललेल्या हौद्याखाली टेकू लावल्याशिवाय ग्रीस मारायलासुद्धा शिरू नका.

७. चाचणीचा दिवस

गाडी तुम्हालाच न्यावी लागते, बहुधा स्कूलची. तिचा विमा, फिटनेस आणि पीयूसी चालू आहेत का ते आदल्या दिवशीच बघा. कागद संपलेली गाडी नेली तर तुमची तारीख गेली.

इन्स्पेक्टर काय बघतो? चढण्यापूर्वी गाडीभोवती फेरी मारता का. सीट, आरसे, पट्टा. हवेचा काटा. सुरळीत गिअर. मागे न घसरता चढावर सुरुवात. रिव्हर्स. इशारे. तोंडी प्रश्न चिन्हांवर असतात: त्रिकोणी म्हणजे सावधगिरीचं, लाल वर्तुळातलं म्हणजे आज्ञेचं, निळं चौकोनी माहितीचं. गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्याला वाट द्यायची, हेही विचारतात.

मी पहिल्यांदा नापास झालो तो चढावर. गाडी हातभर मागे आली. घाईत पार्किंग ब्रेक आधी सोडला आणि क्लच नंतर. क्रम असा: पार्किंग ब्रेक लावलेला, क्लच पकडेपर्यंत वर आणा, गाडीचं नाक जरा उचललेलं जाणवलं की मगच ब्रेक सोडा. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं आणि प्रशिक्षण परत घ्यावं लागतं.

८. परवाना हातात आल्यावर

परवाना पाच वर्षांचा. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून नूतनीकरण करता येतं. संपल्यावर एक वर्षाहून जास्त गेलं तर चाचणी पुन्हा. मधल्या काळात एक दिवसही चालवू नका, कारण अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी तारीख बघते. धोकादायक मालाच्या टँकरवर जायचं असेल तर तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घेऊन परवान्यावर शेरा मारून घ्यावा लागतो. त्याची मुदत तीन वर्षं, आणि नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी.

मालकाला "नाही" म्हणायच्या तीन जागा आत्ताच पाठ करा. जादा माल: दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि घाटातले ब्रेक जातात ते वेगळंच. झोप: मोटर वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्ये दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती होती; तो कायदा २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत गेला, पण शरीराचा हिशेब तोच आहे. दारू: मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आपल्या राज्यात ती स्वस्त मिळते म्हणून हा आकडा वाढत नाही.

अपघात झाला तर पळू नका. गाडी थांबवा, त्रिकोण ठेवा, १०८ ला फोन करा, जखमीला उपचार मिळतील असं बघा, पोलिसांना कळवा. कायद्याने ही ड्रायव्हरचीच जबाबदारी आहे. जमाव अंगावर येईल असं वाटलं तर थेट जवळच्या पोलीस चौकीत जा.

एकट्याची पहिली फेरी दिवसाची निवडा, ओळखीच्या रस्त्याची, कमी मालाची. कुंडई ते वेर्णा चालेल. अनमोड रात्री, पावसात, पहिल्याच आठवड्यात कुणी देत असेल तर त्याला सांगा, उस्ताद बरोबर येणार असेल तर येतो.